देवामागची भिंत

माझ्या बायकोने, नेनिताने, हाँगकाँगला अर्धं आयुष्य दुसऱ्यांची घरं पुसली. त्या पैशांतून आम्ही इथे फिलिपिन्समध्ये, तालिसायच्या ओढ्याकाठचं हे घर घेतलं. ती गेली. आता तिच्या कष्टाचं माझ्याजवळ एवढंच आहे, आणि ते ओढ्याच्या बाजूला खचतंय.

घर विकलं पुरिसिमाबाईंनी. वयाने मोठ्या म्हणून सगळे त्यांना नांग पुरिंग म्हणतात, मीही म्हणतो. बघायला गेलो तेव्हा मी मिस्त्री नेला होता. त्याने भिंती ठोकून पाहिल्या. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी देव्हारा होता, आत सांतो निन्यो, आमचा बाळ येशू, पुढे मेणबत्त्या पेटलेल्या. नांग पुरिंग गुडघ्यांवर बसून जपमाळ ओढत होत्या. मिस्त्रीने टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि दुसऱ्या खोलीत गेला. नेनिता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. देव घराबरोबरच देते, फक्त त्याला हलवू नका, असं नांग म्हणाल्या. दुसऱ्याने बसवलेला निन्यो आमच्यात कोणी उचलत नाही. नेनिताला वाटलं, घराबरोबर राखणदार मिळाला.

राहायला आलो आणि ती आजारी पडली. मी हॉस्पिटलातच असायचो. घराकडे बघायला वेळ नव्हता.

ती गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना असते. शेवटच्या दिवशी बायका निन्योपुढे बसल्या होत्या आणि मेणबत्त्यांच्या ज्योती सगळ्या भिंतीकडे झुकत होत्या. खिडकी बंद होती. लोक गेल्यावर मी देवाची माफी मागितली आणि देव्हारा ओढला. मागे भिंत वरपासून खालपर्यंत फाटलेली. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. बाहेरून तिथे नवा पत्रा ठोकला होता.

गरिबांसाठी सरकारी वकील असतात, तिथे गेलो. वकील म्हणाले, झाकलेला दोष निघाला तर दोन वाटा असतात. घर परत करून पैसे घ्यायचे, नाहीतर घर ठेवून किमतीतली तूट मागायची. पण ताबा घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ते महिने हॉस्पिटलात गेले होते. आता एकच वाट उरली होती. विकणाऱ्याला माहीत होतं आणि त्याने मुद्दाम लपवलं, असं दाखवता आलं तर व्यवहार रद्द करून मागता येतो, त्याला मुदत जास्त. मात्र कोर्टाच्या आधी वस्तीच्या पंचांपुढे बसावं लागतं.

पंचांच्या बैठकीला नांग पुरिंग केळीच्या पानात बांधलेला गोड भात घेऊन आल्या. सगळ्यांना वाटला, मलाही दिला. वस्तीचा कॅप्टन, म्हणजे पंचांचा प्रमुख, त्यांच्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. तो म्हणाला, भात खाऊन भांडलं की भांडण लवकर मिटतं. सगळे हसले. नांगचं म्हणणं एवढंच होतं, की घर आहे तसं घेतलं असं आम्ही सही करून दिलंय. मी देव्हाऱ्याचा विषय काढला तेव्हा त्या चिडल्या.

"तुझ्या बायकोने परक्यांची घरं घासली ना रे? मग स्वतःच्या घरात देवामागची धूळ का नाही पुसली?"

पानातला भात हातात तसाच होता. त्यांना आणखी जोर आला.

"आणि मी काय निष्काळजी होते? त्या भिंतीची धास्ती वाटायला लागली म्हणूनच तर निन्योला पुढच्या खोलीतून तिथे नेऊन बसवलं. त्यानेच धरून ठेवली इतके दिवस."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांची तशीच श्रद्धा होती.

"नांग, पाणी प्या जरा," कॅप्टन म्हणाला.

मी म्हणालो, हे लिहून घ्या. कोणी पेन उचललं नाही. नांग रडायला लागल्या. पैसे मुलाला कॅनडाला पाठवण्यात गेले, आता हवं तर सिमेंटचा खर्च देते म्हणाल्या. मी नको म्हणालो. कॅप्टनने तडजोड झाली नाही असा दाखला दिला आणि उठला. दारात मी पंचांना एकेकाला विचारलं, कोर्टात सांगाल का. एक जण म्हणाला, सेल्मो, आपल्याला इथेच राहायचंय. पंचांमधली बिबियाना म्हातारी तेवढी थांबली. नेनितासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना तिनेच म्हटल्या होत्या.

"मी सांगेन. पण माझं वय बघ आणि कोर्टाचा वेग बघ."

वकिलांनी दावा दाखल केलाय. वर्षं लागतील म्हणाले. कोर्टाचा माणूस येऊन बघेपर्यंत भिंतीला हात लावू नका, बुजवलीत तर दाखवायला काय उरेल?

परवा मेव्हणा सिमेंटची पोती आणि चार माणसं घेऊन आला. पैसे नकोत, दुपारपर्यंत बुजवून टाकू म्हणाला. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. माझी मुलगी जॉयलिन माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही दोघांनी तिची खाट ओढ्याकडच्या बाजूची उचलून रस्त्याकडच्या खोलीत आणली.