तांबूस दुपटी

दुपटं झटकून दोरीवर टाकता टाकता सूनबाईचा हात जागीच थांबला. पुन्हा तेच! सकाळी भिजवताना पांढरंशुभ्र असलेलं दुपटं चहात बुडवून काढल्यासारखं तांबूस दिसत होतं.

"आले का परत डाग?" सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

प्रश्न साधा होता. पण हल्ली सासूबाईंचा कुठलाच प्रश्न सूनबाईला साधा वाटेनासा झाला होता. एवढ्या लांबून डाग दिसतो तरी का? मग यांना कळलं कसं?

झालं होतं असं, की घरामागच्या विहिरीला पाणी उदंड, पण त्यात लोह फार. उपसलं की स्वच्छ दिसायचं आणि बादलीत थोडा वेळ ठेवलं की पिवळं पडायचं. बेसिनवर तांबडे ओघळ, भांड्यांच्या बुडाला गंजासारखा थर. पिटुकली जन्मली आणि सूनबाईनं हट्टच धरला. फिल्टरवाल्यानं पंपाच्या खोलीत माणसाएवढी उंच निळी टाकी उभी केली. पाण्यातलं लोह टाकीतल्या खड्यांत अडकायचं, आणि साठलेला गाळ टाकी रोज रात्री आपली आपण धुऊन बाहेर टाकायची.

"टाकी अंघोळ करते तेवढा वेळ घरात विहिरीचं पाणी थेट येणार," फिल्टरवाल्यानं बजावलं होतं. "म्हणून वरच्या घड्याळात रात्रीची वेळ लावलीय. तेव्हा कोण नळ उघडतंय?" शिवाय टाकीशेजारी एक कॉक होता. तो फिरवला की टाकी वगळून सगळं पाणी थेट घरात.

सासूबाईंना ती टाकी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. "याच पाण्यावर तुझा नवरा वाढला. गंजला का कुठे?"

"डोक्यात थोडा," सूनबाई म्हणाली होती, आणि तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

आता हसू येत नव्हतं. टाकी बसल्यावर थोडे दिवस सगळं निर्मळ चाललं आणि मग डाग परतले. तेही रोज नाहीत. एक दिवस कपडे लख्ख, दुसऱ्या दिवशी तांबूस, पुढे दोन दिवस काहीच नाही. जणू कुणी लहर येईल तेव्हा कॉक फिरवत होतं. ब्लीच घातलं तर डाग आणखीच गडद झाले. आणि पहाटे, सगळे झोपेत असताना, सासूबाई पंपाच्या खोलीत जायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "झाडांना पाणी घालते." हातात बादली नाही, झारी नाही. कसलं पाणी आणि कसली झाडं!

दुपट्यांचं जाऊ दे. सोमवारपासून सूनबाई कामावर रुजू होणार होती. पिटुकली आजीपाशी राहील, असं बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं. पण जी बाई पाठीमागून पाण्यात गडबड करते, तिच्या हाती अख्खा दिवस लेकरू सोपवायचं? तिनं गुपचूप पाळणाघरात विचारून ठेवलं होतं. जागा होती; शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि आज शुक्रवार उलटत आला होता.

"आई असं कशाला करेल?" संध्याकाळी नवरा म्हणाला.

"तेच तर विचारायचंय."

"मग विचार ना."

"तू विचार. तुझी आई आहे."

"मी?" असं म्हणून तो कुणी न सांगता कचरा टाकायला गेला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

शनिवारी उजाडता उजाडता सूनबाई पिटुकलीला खांद्यावर घेऊन पंपाच्या खोलीत दाराआड उभी राहिली. पिटुकली तिच्या मानेत तोंड खुपसून गाढ झोपलेली, कोमट श्वास गळ्यावर. सपातांचा आवाज आला. सासूबाई आत आल्या. कॉककडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीमागे वाकल्या, लोंबणारी वायर उचलली आणि पिन भिंतीत खोचली. टाकीच्या डोक्यावरचं घड्याळ टिकटिकायला लागलं.

"काय चाललंय, आई?"

"अगं बाई! जीव घेशील माझा!"

"पिन का काढली होती?"

"काढली कुठे? लावली."

"लावली म्हणजे आधी काढलेली असणार!"

सासूबाईंनी पदराला हात पुसले, ओले नसताना. "रात्री गुरगुरते गं ही टाकी. तुमची खोली भिंतीला लागून. पहिल्याच रात्री पोर दचकून उठली आणि तू किती वेळ येरझारा घालत होतीस, ऐकत होते मी. म्हटलं, झोपताना पिन काढायची, सकाळी लावायची. रात्रभर टाकी झोपली तर बिघडलं कुठे?"

सूनबाईनं घड्याळाकडे पाहिलं. बाहेर कोंबडी अंगणात उतरली होती आणि घड्याळात नुकतीच रात्र होत होती. रोज रात्रभर बंद पडून ते मागं पडत गेलं होतं. टाकीची अंघोळ कधी सकाळी होत होती, कधी संध्याकाळी, कधी नेमकी दुपटी भिजवताना. आणि तेव्हा येणारं पाणी दिसायला स्वच्छच!

"अहो, सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर हात लावू दिला असतास? तुझा सगळा जीव त्या टाकीत." सासूबाईंचा आवाज चढला. "मला तर वाटलं, तूच ते ब्लीच ओतून ओतून कपडे जाळतेस. म्हणून रोज विचारत होते, डाग आले का."

म्हणजे संशय दोन्हीकडून चालला होता. सूनबाईला हसूही आलं आणि रागही. रागच जास्त.

"आणखी काय काय न सांगता करता?"

"तू दुपारी झोपलीस की तुझा फोन उशीखाली दाबून ठेवते, वाजून तुला उठवायला नको. परवा त्यावर पाळणाघरातून फोन आला होता. आवाज बंद करायला गेले आणि उचललाच गेला."

सूनबाईचा हात खिशातल्या फोनवर गेला.

"बरी आहे का गं ती बाई?" त्यांनी पिटुकलीच्या पाठीकडे बघत विचारलं. "मुलं फार असतात का तिच्याकडे?"

सूनबाईनं पिटुकलीला अलगद खांद्यावरून उतरवलं. "धरा हिला." मग खिशातून फोन काढला आणि तिथेच, दारात उभं राहून लावला. पाळणाघरवाली झोपेतून उठलेली वाटली. "जागा दुसऱ्या कुणाला द्या," सूनबाई म्हणाली. "हो, नक्की. घरीच आहे माणूस."

सासूबाईंनी नातीचं डोकं सांभाळत घसा साफ केला. "आता पिन कायमची लावून ठेवायची?"

"कायमची. आणि घड्याळ नीट लावायचं, आत्ताच."

"मग रात्री गुरगुरणार. पोर उठणार." सासूबाई अगदी सहज म्हणाल्या, "पाळणा माझ्या खोलीत हलवला तर? ती या भिंतीपासून लांब आहे."

सूनबाईनं डोळे बारीक केले. "आई, हे आधीपासून होतं ना तुमच्या डोक्यात?"

सासूबाईंना एकदम काही ऐकू येईनासं झालं. त्या झोपलेल्या नातीला घेऊन टाकीपाशी गेल्या आणि तिलाच घड्याळाचे काटे दाखवू लागल्या.