खळीसकट काढलेली शीर

मी एक जुनी शीर आहे, मित्रांनो. सुरतेच्या लिंबायतमधल्या शालिग्राम नावाच्या लूम कामगाराच्या उजव्या पायात, घोट्यापासून मांडीपर्यंत, मी बावन्न वर्षं राहिले. काम एकच, खालचं रक्त वर चढवायचं. शालिग्राम रोज बारा तास उभा. तरी मी कुरकुरले नाही, आणि माझं कौतुकही कधी कोणी केलं नाही. असो.

डाव्या पायात माझी बहीण होती. तो पाय दुखला की शालिग्राम गुडघ्याखाली कापडाची कापून काढलेली किनार करकचून आवळायचा. त्याच्या खात्यातले, म्हणजे लूमच्या शेडमधले, बरेच जण तसंच करायचे. दुखणं थांबलं नाही, बहीण मात्र फुगून वेडीवाकडी झाली.

मग एक दिवस शालिग्रामची छाती दुखली. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. बायपास करायचं ठरलं आणि त्यासाठी पायातली शीर हवी होती. डॉक्टर जयश्री मूळच्या अमळनेरच्या, यांची बोली समजणाऱ्या. दोन्ही पाय तपासून त्या म्हणाल्या, "डावी कामाची नाही. उजवी एकच आहे." खरं सांगते, मी घाबरले.

त्यांनी शालिग्रामला आणि त्याच्या बायकोला, उषाबाईंना, शीर काढायच्या तिन्ही रीती समजावल्या. "जुन्या रीतीत शीर चरबीतून सोलून काढतात आणि पाणी भरून फुगवून पाहतात. दुसरीत बारीक भोकातून दुर्बीण घालतात. जखम लहान राहते, पण शीर ओढली जाते. तिसरीत भोवतीच्या चरबीसकट काढतो, फुगवत नाही. ती जास्त टिकते. पण पायाची जखम मोठी, भरायला वेळ लागतो."

"भोकवालीच करा," उषाबाई म्हणाल्या. "यास्ले बारा तास उभं ऱ्हावं लागस."

शालिग्रामने नकारार्थी हात हलवला. मग म्हणाला, "मॅडम, सूतले खळ राहस. ती काढी टाकी ते धागा लूमवर टिकस नही. तिनी खळ तिना आंगवर ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर हसल्या आणि चरबीसकट काढायचं असं लिहून घेतलं.

मला उलटी करून हृदयावर शिवलं, कारण माझ्या आतले दरवाजे एकाच दिशेने उघडतात. पायातलं रक्त रेंगाळत यायचं, इथलं धडका देत आलं. वाटलं, फुटते आता. पण अंगावर खळ होती. मी टिकले.

पायाची जखम दीड महिना ओली राहिली. पट्टी बदलताना उषाबाई रोज बोलायच्या, "मी सांगेल व्हतं."

वर्षाने डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. "सगळीकडून मोकळी आहे," त्या म्हणाल्या. उषाबाईंनी वाकून पोटरीवरच्या लांब व्रणावरून हात फिरवला.

शालिग्राम आता अर्धी पाळी करतो. परवा शेजारच्या लूमवरचा निंबा पायाला किनार आवळत होता. शालिग्रामने गाठ स्वतःच्या हाताने सोडली. म्हणाला, "मनी एक शीर आशीच गई. दुसरीवर जगी ऱ्हायनू."

मित्रांनो, तुमच्या पायांतही आम्ही दोघी बहिणी आहोत. बसायला मिळालं की पाय वर घ्या, आणि काही आवळून बांधू नका. हृदय अडलं की आम्हालाच बोलावणं येतं.