नवव्या दिवशी ओढलेल्या तारा

पुलाची तुळई मधोमध तीन बोटं खाली बसली होती. तिच्यासंगं इंजिनियर प्रभुलिंगचा जीवही बसला होता.

पोटातल्या पोलादी तारा घट्ट ओढून धरतात, म्हणून असली तुळई भार पेलते. वर्षं सरतात तसं काँक्रीट आखडतं, तारा सैलावतात. किती सैलावतील, ते आधीच मांडून ठेवायचं असतं. कोल्हापूरच्या कचेरीतनं आलेल्या विद्याश्रीनं जीपच्या बॉनेटवर कागद पसरून तेच गणित पुन्हा मांडलं.

"सर, ताण एकोणीस टक्के घटायला हवा. तेवढ्यानं तुळई बसत नाही. तारा ओढल्या तेव्हा काँक्रीट पुरतं पक्कं, अठ्ठावीस दिवसांचं होतं ना?"

पुलाच्या जुन्या वहीत अठ्ठावीसच होते. अक्षर प्रभुलिंगचं होतं.

त्र्याण्णव साली हा पूल त्याच्याच देखरेखीखाली, त्याच्याच गावाला होत होता. बाप भीमाप्पा सरपंच.

"बसवजयंतीला तारा ओढायच्या. नारळ मी फोडणार."

"आप्पा, काँक्रीट नऊच दिसांचं हाय. कवळं हाय अजून."

"बाळंतीण हाय व्हय तुळई, दिस मोजायला? बापाला शिकवतोस?"

माणसं खदखदून हसली. हलगी कडाडली, तारा ओढल्या गेल्या. आता आप्पा नव्हते. कठड्यावरच्या दगडात त्यांचं नाव तेवढं होतं.

सांगावं तर नोकरी जाणार, बापाचं नाव मातीत जाणार. न सांगावं तर साडेपाचची भरली एस.टी. पुलावर येणार.

"सर?"

"नऊ," प्रभुलिंग म्हणाला. "नऊ दिवसांचं होतं. अठ्ठावीस मी लिहिले."

तिनं मान वर केली नाही. पेन्सिल सरकत राहिली. घट एकोणतीसवर गेली.

"म्हणजे तुळईला खालनं पडलेला तडा वाढतच जाणार. गाडी नाही सर, माणूससुद्धा नको."

"लिही. माझ्या नावानिशी लिही."

पुलाच्या दोन्ही तोंडांना वाट अडवायला पिंपं लागली. पलीकडच्या काठावरनं गावातला गणपतराव मिस्त्री ओरडला, "बापानं आणला, लेकानं घालवला की रं!"

चौथ्या दिवशी गावात प्रभुलिंगच्या अव्वाला, म्हणजे आई शांतव्वाला, धाप लागली. दवाखाना अलीकडच्या काठाला, नदी फुगलेली, लांबचा रस्ता पाण्याखाली. गावानं गुऱ्हाळातली गूळ आटवायची भली मोठी काहिल नदीत सोडली, शांतव्वाला घोंगड्यात गुंडाळून आत बसवलं, आणि चार पोहणारे कड धरून निघाले. काहिल गरगरत आली. प्रभुलिंग अलीकडच्या काठाशी छातीभर पाण्यात उतरून उभा होता.

त्यानं अव्वाला उचलून खांद्यावर घेतलं. ओठ निळे पडले होते. तिनं वर पाहिलं.

"पूल तर उभा हाय की लेका. मग मला पाण्यातनं का आणलीस?"

जीपकडं जाईपर्यंत तिचा श्वास त्याच्या मानेला लागत होता, थोडा थोडा, मध्येच थांबत.