माझं पाणी लेकराले नका पाजू

मी हापशी बोलून राहिली. हो, तीच, रामाकोन्याच्या वाटेवरच्या वस्तीतली. दांडा हाणला की आधी माझी कुरकुर ऐकू येते आणि मग पाणी. कुरकुरणारच ना बाप्पा, वय झालं! पण आज मला कुरकुरायचं नाही, सांगायचं आहे.

मशीननं जमीन फोडून मला इथं रोवलं, त्या दिवशी बायांनी माझ्या मानेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. तोवर त्या नाल्यावरून पाणी आणायच्या. माझं पाणी गार, गोड, काचेसारखं स्वच्छ. उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडल्या तरी मी आटले नाही. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू? चारी बाजूंनी संत्र्याचे बगीचे आणि मधोमध मी, वस्तीची लाडकी.

बायांच्या गप्पा ऐकून ऐकून मला घराघरातलं कळतं. सगळ्यांत हसरी होती भाग्यश्री. तीन महिन्यांची तान्ही पोरगी सासूजवळ ठेवून यायची आणि पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, भरला की धावत सुटायची. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून ती पोरीला डब्यातली दुधाची पावडर माझ्या पाण्यात कालवून पाजायची. तिची नणंद उर्वशी, सौंसरच्या शाळेत दहावीला.

त्या शाळेत विज्ञानाचा एक नवा उपक्रम निघाला. पोरांनी संशोधन स्वतः करायचं, आणि प्रश्न पुस्तकातला नाही, आपल्या गावातला घ्यायचा. उर्वशीनं मला निवडलं! मी तर फुगूनच गेले. ती बाटल्या आणि तपासायच्या कागदी पट्ट्या घेऊन आली. पट्टी माझ्या पाण्यात बुडवली आणि ती गडद गुलाबी झाली. शाळेच्या नळाच्या पाण्यात तसलीच पट्टी फिकी राहायची. पोरगी चिवट, पुन्हा पुन्हा करून पाहत होती.

"वहिनी, याच्यात नायट्रेट हाय. बगीच्यातला युरिया मुरून मुरून हापशीत येऊन राहिला. लहान्या लेकराईले लय खराब असते ते."

"मंग काय करावं व?" भाग्यश्रीनं विचारलं.

"ते अजून मालूम नाई. शोधून राहिली."

किती सरळ उत्तर होतं! तेवढ्यावरच थांबली असती तर.

पांढुर्ण्याच्या जिल्हा प्रदर्शनीआधी वीरेंद्र सर फोटो काढायला मोटरसायकलवर आले. उर्वशीला हा उपक्रम तेच शिकवायचे. तिनं केलेला तक्ता माझ्या दांड्याला टेकवून उभा केला. खाली 'उपाय' लिहिलं होतं आणि त्यापुढं कोरं.

"हे काय? उपाय कुठं हाय?"

"सर, मले सापडला नाई अजून."

"अवं, परीक्षक पह्यले तेच पाहतात. लिही, पाणी उकळून, गाळून प्यावे. सगळेच लिहितात."

"पण सर, उकळून जाते का ते?"

"तुले पांढुर्ण्याले जायचं हाय का नाई?"

तिनं लिहिलं. सर वाईट माणूस नव्हते हो. पदरचं पेट्रोल जाळून पोरांसाठी गावोगाव फिरायचे. पण कोरी जागा त्यांना बघवली नाही. माझा जीव तळमळला. अगं बायांनो, उकळून किडे मरतात, हे विष नाही मरत! वाफ होऊन पाणी तेवढं उडतं आणि विष खालीच राहतं. वरण आटलं की खारट होतं, तसं. पण हापशीला तोंड असून बोलता कुठं येतं!

उर्वशीला पहिला नंबर मिळाला. वस्तीत पेढे वाटले, तक्ता पंचायतीच्या भिंतीवर लागला. घरोघरी गंजात, पातेल्यात पाणी चुलीवर चढलं. भाग्यश्री तर सगळ्यांच्या वर.

"मी त पोरीसाठी अर्धं होईस्तोर आटवतो," ती ऐटीत सांगायची. "आमच्या उर्वशीनं शोधलं हाय, अभ्यास केला तिनं."

तिच्या तान्ह्या पोरीचे ओठ निळे पडायला लागले. कोणी म्हणे थंडी बाधली, कोणी म्हणे नजर लागली. घरच्यांनी जामसांवलीला हनुमानापुढं नेऊन आणलं. मग सौंसरचा दवाखाना, तिथून नागपूर. पोरगी परत आली ती पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली.

नागपूरच्या डॉक्टरांनी एकच विचारलं होतं, लेकराला पाणी कुठलं पाजत होते? उर्वशीनं ते ऐकलं. ती पुस्तकांत शोधत बसली, आणि तिला कळलं. सरांना तिनं माझ्याजवळच गाठलं.

"सर, उपाय चुकीचा हाय. तक्ता काढा."

सरांचा चेहरा पांढराफटक झाला. "राज्याची प्रदर्शनी होऊ दे, मंग बदलू," असं काहीतरी पुटपुटून ते निघून गेले. त्यांच्यातलं धैर्यच संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची प्रियंका पाण्याला आली, दिवस भरत आलेली. "मीही बाळाले असंच उकळून उकळून देईन," ती म्हणाली. मागं भाग्यश्री गुंड घेऊन उभी होती. उर्वशीनं एकदा वहिनीकडं पाहिलं. वाटलं, गप्प राहील पोरगी. कोणाची हिंमत होईल?

"नको देऊ," ती म्हणाली. "उकळून ते कमी नाई होत, वाढते. मी चुकीचं लिहिलं होतं."

भाग्यश्रीचा गुंड खाली आला. "म्हणजे मी जितकं जपून आटवलं..."

"हो वहिनी."

नणंद-भावजय माझ्या ओट्यावर बसून रडल्या. मी लोखंडाची, पण मलाही ते सोसवेना.

प्रियंकाचं बाळ आता नळ असलेल्या माहेरी आहे, धडधाकट. तक्ता उर्वशीनं स्वतः फाडला. सरांनी अडवलं नाही, पण राज्याच्या प्रदर्शनीतून तिचं नाव कटलं. धोक्याची पाटी लावू लावू म्हणत पंचायत अजून बसूनच आहे, आणि माझं पाणी ढोरं पितात, माणसंही पितात. वाटसरू बाई लेकरू घेऊन माझ्याजवळ टेकली, की भाग्यश्री हातातलं काम टाकून येते.

"लेकराले हे नको देऊ, बाई. उकळून त बिलकुलच नको."

"तुले कसं मालूम?"

"मी पाजलं."

म्हणून म्हणते, एक लाल पाटी ठोका माझ्या छातीवर. मला बदनाम करा, माझा दांडा काढून न्या, मी हूं की चूं करणार नाही. पण ते दोन शब्द रोज त्या बाईच्या तोंडून नका वदवून घेऊ.