उसनी मिशी

"हा मेला कोन आनलास?" बायजानं कुंचला खाली ठेवला नि सरपंच काळुरामकडं बघितलं.

हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात डोळे आखण्यात तिची चाळीस वरसं गेली. मूर्ती कुणीबी ओतो, डोळे बायजाच आखणार. आता तिच्यापुढं प्लास्टरचा अर्धा पुतळा व्हता. गोरापान, झुपकेदार मिशांचा.

"आपला सुजयच की गो आजी," काळुराम बोलला. "उद्या दहाला तालुक्याचे साहेब पुतळा उघडनार. तेवढे डोळे आख."

सुजय तिचा नातू. लांब तिकडं सुदानात शांतीसेनेची निळी टोपी घालून गेलेला. निर्वासितांच्या छावणीतल्या बाया पाण्याला निघाल्या की बंदूक घेऊन त्यांच्या वाटेवर उभा ऱ्हायचा. तिथंच एक दिवस बंदूकवाल्यांची टोळी चालून आली. त्यानं बाया मागं पळवल्या, आपण पुढं ऱ्हायला नि तिथंच पडला. बावीस वरसांचा. धड मिशी फुटली नव्हती.

मग ही मिशी आली कुठनं? तर कारखान्यात जुना साचा पडलेला, कुठल्याशा सरदाराचा. नवा घडवायला वेळ नव्हता म्हणं. नि खाली बैठकीवर रंगवलेलं: पन्नास शत्रूंना लोळवणारा वाघ.

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. "पन्नास कुनी मोजले रे? तू गेला व्हतास?"

काळुराम हसला. लोकांना वाघच लागतो, बोलला. नि बायजा तरी काय कमी हाय? सुजयनं धरमतरच्या खाडीत मगर धरली, म्हशीसारखी दावणीला बांधली, वर दूध पन काढलं, असं पेणच्या बाजारात कोण सांगत फिरायचं?

"मगर माझीच. पन ती सांगताना तो समोर बसलेला असायचा. थाप लई ताणली की डावा डोळा बारीक करायचा, माझी जीभ तिथंच आटपायची. तुझ्या थापेला आता डोळा कोन बारीक करनार?"

तिनं पॉलिशपेपर उचलला नि मिशी घासायला घेतली. पांढरी भुकटी लुगड्यावर सांडली. काळुराम आडवा आला, तर बोलली, "मग डोळे तूच आख."

तो बाजूला सरला. आंधळा पुतळा कोण उघडणार?

तिनं सावळा रंग चढवला. मग एकेक डोळा, श्वास धरून. बैठकीवरच्या अक्षरांना मात्र हात लावला नाय.

दुसऱ्या दिवशी पडदा सरला. साहेबांनी माईक धरला नि पन्नास शत्रू लोळवायला घेतले. गावानं पुतळ्याकडं बघितलं. सुजय डावा डोळा बारीक करून ऐकत व्हता. म्होरं बसलेली काशीबाई पदरात फिसकली, मग बायांची अख्खी रांग. साहेब दोनदा मागं वळले, तिसऱ्यांदा आकडाच इसरले.

बायजा तेवढी हसली नाय. उठली नि साहेबांच्या हातातला माईक ओढून घेतला.

"पान्याला जानाऱ्या बाया राखत व्हता," ती बोलली. "सगळ्या जित्या परतल्या. यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाय."