दोन बाह्यांची काळी पिशवी

मी काळी पिशवी बोलतेय. भाजीची नव्हे, दळणाची नव्हे. मला दोन बाह्या आहेत, बाह्यांच्या तोंडाला घट्ट इलॅस्टिक आहे, आणि पाठीवर एकाखाली एक अशा दोन चेन आहेत. माझ्या आत उजेड शिरत नाही, हेच माझं काम. कुणी पहिल्यांदा पाहिलं की विचारतं, "हा कसला बिनगळ्याचा सदरा?" विचारू देत बापडे. आतलं त्यांना कुठे ठाऊक आहे.

मला शिवलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. घरी बसून ती लोकांचे कोट सैल करते, बाह्या आखूड करते. कुणाच्या तरी जुन्या ओव्हरकोटाचं काळं अस्तर शिल्लक होतं, त्याचे दोन पदर घेऊन तिने मला बेतलं. नवऱ्याने पंधरा दिवस मागे लागून शिवायला लावलं होतं, तेव्हा मनातून काही फार खूश नव्हती. पण हात चांगला. टीप दुहेरी मारली.

शिवून झाल्यावर भर दुपारी ती गच्चीत गेली आणि तिने चक्क स्वतःचं डोकं माझ्यात घातलं. तिची सासू तिथेच उन्हात बसली होती.

"अगं, डोकं पिशवीत घालून काय शोधतेस?"

"उजेड शोधतेय, आई."

"मग डोकं बाहेर काढ. इथे ढीगभर पडलाय."

एका शिवणीत सुईच्या टोकाएवढा उजेड सापडला. तिने तो तिथल्या तिथे शिवून टाकला, आणि मी कामाला लागले.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगते. तो कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात, त्यावर हा एकेक दात बसवतो. सहा दिवस परक्यांच्या तोंडात डोकं घालून झालं की सातव्या दिवशी त्याला लांबचं काहीतरी बघावंच लागतं. मग कॅमेरा गळ्यात, तीन पायांचा स्टँड खांद्यावर, आणि स्वारी गावाबाहेरच्या कड्यावर. तिथून म्हणे दरी दिसते, नदीचं वळण दिसतं, आणि डोंगरांच्या मागे डोंगर. "म्हणे" म्हणतेय, कारण मी तिकडे कधी गेलेली नाही. मी आपली स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

त्याचं सगळं काळंपांढरं असतं. रंगीत फिल्म त्याला चालत नाही. परत आला की भरलेलं रीळ, एक झाकणाचा डबा, प्लॅस्टिकची चकरी आणि कात्री, एवढं माझ्या पोटात ठेवतो, दोन्ही चेन ओढतो आणि बाह्यांतून हात आत घालतो. अंधारात चाचपडत रीळ फोडायचं, फिल्म चकरीवर चढवायची, चकरी डब्यात घालून झाकण लावायचं. झाकण लागेपर्यंत हात बाहेर काढायचे नाहीत. मग झाकणाच्या तोंडातून फोटो उमटवणारी औषधं आत ओतायची.

आता जरा नीट ऐका, कारण इतक्या वर्षांनीही मला हे खरं वाटत नाही. त्या बोटभर रुंद पट्टीवर अख्खा डोंगर उतरलेला असतो. आभाळासकट, नदीसकट. पण तो कुणालाच दिसत नाही, ज्याने काढला त्यालाही नाही. औषध लागायच्या आत उजेडाने त्याला पाहिलं, तर डोंगर गेलाच. म्हणजे तेवढी दहा मिनिटं तो डोंगर जगात फक्त माझ्या पोटात असतो. कापडाला श्वास नसतो, मला कळतं. तरी मी तो रोखून धरते.

मला डोळे आहेत ते बाहेरून. आत सगळा कारभार स्पर्शाचा. कुणाच्या नखात काय अडकलंय ते मला कळतं, मग ते मला कळावं असं त्यांना वाटो न वाटो. ऋतूसुद्धा मला त्याच्या हातांवरूनच कळायचे. उन्हाळ्यात बोटं घामट, फिल्म चिकटायची आणि तो पुटपुटायचा. पावसाळ्यात बोटांची टोकं भिजून सुरकुतलेली. पानगळीत नखात सुक्या पानांचा चुरा. आणि थंडीत असे गार हात यायचे की माझं अस्तर शहारायचं. बाहेर एवढं मोठं काहीतरी फिरतंय, बदलतंय, आणि त्याची खबर मला दहा बोटांवरून. मी थक्क होऊन पडून राहायची.

त्याच्या मनात एकच होतं. एका जागेवरून, एकाच वर्षात, चार ऋतूंचे चार फोटो. माणूस नको, गुरं नकोत, नुसती दरी. सहा वर्षं जमलं नाही. एका वर्षी पानगळीचे छत्तीस फोटो काढून आला, आणि पट्टी निघाली काचेसारखी कोरी. फिल्मचं टोक कॅमेऱ्यात अडकलंच नव्हतं. हा दिवसभर खटके दाबत होता आणि फिल्म जागची हलली नव्हती. तो ताटावरून अर्धवट उठला.

"अरे, डोंगर काय पळून जातोय?" म्हातारी म्हणाली.

"डोंगर नाही पळत, आई. पानं गळून गेली."

सातव्या वर्षी मात्र तीन ऋतू साधले. तीन फोटो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागले. बायकोने पदराला हात पुसत पाहिले.

"छान आहे टेकडी."

"टेकडी नाही गं. फार मोठं आहे ते."

"असेल," ती म्हणाली आणि कोटाची बाही उसवायला बसली.

राहिली थंडी. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या मालकाने कामाची जागा दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं. महिनाअखेर सगळ्यांनी तिकडे जायचं. घरात खोकी भरायला सुरुवात झाली. म्हणजे हे वर्ष शेवटचं.

एका सकाळी तो अंधार सरता सरता गेला आणि दुपारी परतला तो उजव्या हाताला प्लॅस्टर घालून. दंव गोठलेल्या गवतावरून घसरला होता. पन्नासेक फूट खाली गेला, मनगट मोडलं, मग एका हाताने चढून वर आला, कॅमेरा घेतला आणि मग डॉक्टरकडे गेला.

"आधी कॅमेरा, मग हात," बायको म्हणाली. "आणि मग कधीतरी आम्ही."

"अगं, सकाळभर धुकं हटत नव्हतं. एकदाच फाटलं. स्टँड हलू नये म्हणून मी दहा सेकंदांचा टायमर लावला आणि समोर गवताची काडी आडवी येत होती ती काढायला पुढे झालो. तेवढ्यात पाय गेला."

"म्हणजे फोटो आला का?"

"काय माहीत. जाताना स्टँडला धक्का लागला असणार. नुसतं आभाळ आलं असेल." कॅलेंडरकडे बघत तो म्हणाला, "बिघडला असेल तर परत जाणार. अजून आठ दिवस आहेत."

"त्या घसरणीवर? या हाताने?"

तो डाव्या हाताने बुटांचा चिखल खरवडू लागला. म्हणजे तो जाणारच, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानात काळीपांढरी फिल्म धुऊन मिळायला तीन आठवडे, तेवढा वेळ नव्हता. आणि एका हाताने माझ्यात काहीच होत नाही. कवळी लावल्याशिवाय भाकरी चावण्यासारखं ते.

बायकोने गुडघ्यावरचा कोट बाजूला ठेवला, बांगडी काढली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "कुठली बाही माझी?"

असं कधी झालं नव्हतं. डाव्या बाहीतून त्याचा डावा हात आला, साच्यांची पांढरी पूड नखात बसलेला. उजव्या बाहीतून तिचा उजवा, तर्जनीवर सुयांनी खरबरीत झालेला. दोघं खांद्याला खांदा लावून भिंतीकडे बघत बसले आणि हात माझ्या पोटात एकमेकांना शोधायला लागले.

"हे काय लागलं?"

"माझा अंगठा आहे तो. रीळ इकडे, आणखी इकडे. घट्ट धर, झाकण उचकटतो."

टक् आवाज झाला. आता माघार नव्हती. कात्री तिने चालवली, अंधारातही सरळ. मग चकरी आली आणि घोळ सुरू झाला. चकरीचे दोन भाग असतात. एक पुढे, मग दुसरा पुढे, असं आळीपाळीने फिरवलं तरच फिल्म आत सरकते. हे दोघं एकदमच फिरवायचे.

"तुम्ही थांबा की जरा."

"मी थांबलोच होतो, तू थांबलीस म्हणून मी फिरवलं."

"लग्नापासून हेच चाललंय," म्हातारी पलंगावरून म्हणाली.

दोन्ही हातांना घाम सुटला. फिल्म कचकन अडकली. आणि गॅसवर दूध वर यायला लागलं.

"आई, दूध."

"मला दिसतंय. तुम्ही दोघं तिथे आहात की."

"आमचे हात अडकलेत हो आई."

म्हातारीने गुडघे चोळले, भिंतीला धरत गेली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "काय पण अडकलेत, बघा तरी."

बायको हसली. हसल्याने तिचा हात सैल झाला, आणि फिल्म सुटली. "शिलाई मशीनवर पाय चालतात तसं करू," ती म्हणाली. "मी एक म्हणते, तुम्ही दोन म्हणा." एक, दोन, एक, दोन. छत्तीस फोटोंची पट्टी, घसरलेला डोंगर, फाटलेलं धुकं, सगळं सरसर आत गेलं. झाकण लागलं. तरी हात लगेच बाहेर आले नाहीत, हे मी सांगायला हवंच असं नाही, पण आले नाहीत.

औषधं तिनेच ओतली. तो सांगेल तसा डबा उलटासुलटा केला, मधूनमधून टेबलावर आपटला, म्हणजे आत बुडबुडे चिकटत नाहीत. मग तिने ओली पट्टी खिडकीत उंच धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं.

तो पट्टीला नाक लावून एकेक चौकट बघत गेला. मग म्हणाला, "स्टँड हललाच नाही. सरळ आलंय. धुकं बघ, नदी बघ, मागचे डोंगर मोजून घे." त्याचा आवाज चढत गेला. आणि मग एकदम पडला. "हे काय?"

काळ्या उतारावर, खालच्या कोपऱ्याजवळ, मोहरीएवढा एक कोरा ठिपका.

"बुडबुडा," तो म्हणाला. "तिथे औषध लागलंच नाही."

"मी आपटला होता डबा."

"तुझं नाही काही. होतं असं." तो खोक्यांकडे बघू लागला. "उद्या पहाटे निघतो."

तिचा चेहरा उतरला. सुईत दोरा ओवायचं भिंग तिने ड्रॉवरमधून काढलं, पट्टी पुन्हा उजेडाला धरली.

"बुडबुड्याला पाय असतात का हो?"

"काय?"

"दोन पाय आहेत. बसलाय. आणि एका हाताने दुसरा हात धरलाय."

त्याने भिंग घेतलं. सात वर्षं माणूस नको, माणूस नको म्हणणाऱ्याला हे सुचलंच नव्हतं, की टायमर कुणासाठी थांबत नाही. तो ठिपका म्हणजे तो स्वतःच होता. काळ्या कोटातला, म्हणून निगेटिव्हमध्ये कोरा.

"बिघडला मग," तो हळूच म्हणाला. "चारांत माणूस नको होता."

बायको भिंतीवरच्या तीन फोटोंकडे गेली, परत पट्टीकडे आली. "हे तुम्ही एवढेसे," तिने नखावर नख टेकवून दाखवलं. "मग ती दरी केवढी? मागचा डोंगर केवढा?" ती खाली बसली. "मी इतकी वर्षं टेकडी समजत होते. तिथे तुम्ही एकटे बसला होतात."

म्हातारीनेही भिंग मागून घेतलं. पाहून झाल्यावर पदराने पुसून पुन्हा डोळ्याला लावलं.

दुसऱ्या पहाटे तो गेलाच नाही. दोन दिवसांनी, ऊन चांगलं वर आल्यावर, दोघं गेले. कॅमेरा घरी ठेवून, रस्त्याने, सावकाश. परतल्यावर म्हातारीने सुनेला विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही, आई. नुसतं धुकं." तिने शाल सोडली, हात चोळले. "पण केवढं होतं."

आता आम्ही नव्या गावात आहोत. इथे सगळं सपाट. चौथा फोटो त्या ठिपक्यासकट भिंतीवर लागलाय. कवळीवाला दर सातव्या दिवशी बाहेर पडतो आणि आभाळ घेऊन येतो. माझ्या एका बाहीचं इलॅस्टिक सैल झालंय, शिवण विरत चाललीय, अजून थोडी वर्षं मी टिकेन. संध्याकाळी तो मला टेबलावर पसरतो, मनगट धरून सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "अगं, अंगठ्यात जोर येत नाही अजून." मग ती कोट ठेवून येते, बांगडी काढते, आणि एक, दोन सुरू होतं.

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगते. त्याचा अंगठा कधीच बरा झालाय. उजव्या हाताने तो मला उचलतो, तेव्हा पकड मला कळते. आणि तिलाही कळलं असावं, कारण हल्ली ती बांगडी आधीच काढून ठेवते.

तेवढं कुठे बोलू नका.