परीक्षेतला वन्स मोअर

आमची मृणालिनी कॉलेजात संगीताची डिग्री घेत होती आणि तिचे वडील आमच्या शॉमबर्ग गावभर सांगत होते की ती प्री-मेड, म्हणजे डॉक्टरकीची पूर्वतयारी, करतेय. हे मला कळलं कुठे, तर भर सत्यनारायणाच्या पूजेत, हातात प्रसादाची वाटी धरून. आमच्या मंडळातले ज्येष्ठ डॉक्टर, दिगंबर परांजपे, मला म्हणाले, "वहिनी, मृणालच्या मेडिकलच्या अ‍ॅप्लिकेशन्सचं कुठवर आलं? काही लागलं तर सांगा, मी दोन शब्द टाकतो."

मी प्रतापकडे पाहिलं. माझा नवरा खाली मान घालून शिरा खात होता. चार लोकांत नवऱ्याचं हसं करायचं नाही, म्हणून मी गप्प बसले. गाडीचं दार लागल्यावर मात्र सोडला नाही.

"लाज वाटते तुला तिची?"

"लाज नाही गं. एक्स्प्लेन करत बसावं लागतं. म्युझिक म्हटलं की लोक विचारतात, आणि मग पुढे काय? त्याला माझ्याकडे आन्सर नाहीये, सुहासिनी."

आन्सर माझ्याकडे होतं, पण ते ऐकायला कोण बसलंय! दर गणपतीला, दर दिवाळीला, कुणाच्या बारशाला, 'मृणालला सांगा हं, दोन गाणी म्हणेल' हे ठरलेलं. मग पोरीनं बेसमेंटमध्ये सतरंजीवर बसून जीव ओतून गायचं आणि यांनी तिच्या डोक्यावरून पुऱ्यांची ताटं पुढे सरकवत कुठल्या गावातल्या शाळा चांगल्या याच्या गप्पा मारायच्या. शेवटी, 'गोड गळा आहे हो!' आणि तोच गळा नीट शिकवावा म्हटलं, तर, 'हॉबी म्हणून ठीक आहे.' मला असा संताप यायचा, की एकदा सगळ्यांच्या पुढ्यातली ताटं उचलावीत आणि म्हणावं, आता आधी ऐका.

तिचं कॉलेज आयोवात, चहूकडे मक्याची शेतं आणि मधेच चार विटकरी इमारती. तिथं संगीताबरोबर इतिहास, तत्त्वज्ञान, केमिस्ट्रीसुद्धा घ्यावी लागे. रियाजाच्या खोल्या कपाटाएवढ्या. कान तयार झालाय की नाही याची परीक्षा, जर्मन आणि इटालियन उच्चारांची परीक्षा. दिगंबरांचा मुलगा मेडिकलला होता, पण सुट्टीत घरी आला की टीव्हीसमोर पसरायचा. आमची घरी आली तरी पहाटे उठून गॅरेजमध्ये गळा तापवायची. प्रताप पहिल्या वर्षी तिला सोडायला गेला, खोलीत तिचा छोटा फ्रिज लावून दिला, त्यानंतर त्यानं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

शहाऐंशी सालच्या एप्रिलमध्ये तिची शेवटची परीक्षा होती. परीक्षा म्हणजे सीनियर रिसायटल. भरल्या हॉलमध्ये एकटीनं तासभर गायचं, समोर तीन प्रोफेसर गुण द्यायला. त्यात पास, तर डिग्री. मी शिकवलेलं एक नाट्यपदही तिला म्हणायचं होतं, पण विभागप्रमुख प्रोफेसर हॅलोवेल यांनी 'मराठी आमच्या भाषांच्या यादीत नाही' म्हणून ते काढायला लावलं. तिथूनच तो माणूस माझ्या डोक्यात गेला होता.

तिनं फोन केला. "आई, बाबा येतायत? नसतील तर इट्स ओके, रिअली."

पण परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रताप आपला आपण कोट इस्त्री करत बसला. म्हणाला, "इतकं ड्राइव्ह कोण करणार? तुला हायवेची भीती वाटते." मला हायवेची भीती कधीच वाटलेली नाही. मी म्हटलं, "हो, फार वाटते."

हॉल चर्चसारखा. लाकडी बाकं, खोकायचीही चोरी. गाण्यांचे गट होते आणि एका गटातल्या दोन गाण्यांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत अशी रीत. काळ्या पोशाखात मृणालिनी उभी राहिली. पियानोवर मिसेस लिंडक्विस्ट, चष्मा नाकावर घेतलेल्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या बाई. इटालियन गाणी झाली, जर्मन सुरू झाली. त्यातलं एक गाणं कुणाची तरी वाट पाहण्याचं होतं. शब्द मला कळत नव्हते, वाट पाहणं कळत होतं. शेवटी तिचा आवाज वर गेला, वरच बारीक होत राहिला आणि अगदी सावकाश खाली आला. हॉल चिडीचूप.

आणि माझ्या शेजारून गर्जना झाली, "वन्स मोअर!"

प्रताप उभा होता.

हा सांगलीचा माणूस. लहानपणी वडिलांचं बोट धरून संगीत नाटकं पाहिलेली. तिथं पद रंगलं की अख्खं थिएटर 'वन्स मोअर' म्हणून ओरडायचं आणि नट ते पद पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा, मग नाटकात तो मरायला टेकलेला का असेना. गाण्याला यापेक्षा मोठी दाद असते हे प्रतापला ठाऊकच नाही. आणि ती त्यानं जपून ठेवली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या गाण्याला त्यानं साधं 'वा' म्हटलेलं नाही.

सगळ्या माना वळल्या. कुणी तरी 'श्श' केलं. मृणालिनीनं बापाकडे पाहिलं. दुसरी कुठली मुलगी असती तर ऐकलंच नाही असं दाखवून पुढचं गाणं सुरू केलं असतं. पण आमची सतरंजीवर वाढलेली. तिनं किंचित मान झुकवली आणि मिसेस लिंडक्विस्टकडे वळून काही तरी पुटपुटली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पान मागे उलटलं, आणि गाणं पुन्हा झालं. पहिल्यापेक्षा चांगलं झालं. प्रताप खाली बसून रुमालानं डोळे पुसत होता.

कार्यक्रम संपल्यावर हॅलोवेलनं आम्हाला लॉबीतच गाठलं. "सर, ही पदवीची परीक्षा होती, बेसबॉलची मॅच नव्हे." श्रोत्यांच्या हुकमावरून विद्यार्थिनीनं गाणं पुन्हा म्हटलं, आता दोनांतल्या कुठल्या गाण्याला गुण द्यायचे? रिसायटल बाद. पुढच्या शुक्रवारी बंद खोलीत, फक्त परीक्षकांसमोर पुन्हा गायचं. नाही तर डिग्री नाही.

आणि प्रताप, शंभर माणसं हाताखाली असलेला इंजिनियर, मान खाली घालून म्हणत राहिला, "सॉरी. आय अ‍ॅम व्हेरी सॉरी."

माझं डोकं फिरलं. सॉरी कशाबद्दल? चांगलं गाणं पुन्हा ऐकावंसं वाटणं हा कुठल्या देशात गुन्हा आहे? मी माझ्या इंग्रजीत हॅलोवेलला विचारलं, "चार वर्षं तुम्ही तिला लोकांसमोर गायला शिकवता, आणि एका माणसाला ते खरोखर आवडलं तर तुम्ही लोकांनाच बाहेर काढता?"

तो गोड हसला. "मॅडम, आमचे काही स्टँडर्ड्स आहेत."

स्टँडर्ड्स! एका बापाचा आनंद मावत नाही इतकी अरुंद असतात का स्टँडर्ड्स? मी आणखी बोलणार होते, पण मृणालिनीनं माझा हात धरला आणि ती बापाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, स्टॉप से-इंग सॉरी. प्लीज. तुम्ही मागितलं, पण गायले मी. आय वुड डू इट अगेन."

परतीच्या वाटेवर प्रताप एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी उघडलेलं तोंड त्या हॅलोवेलनं कायमचं बंद केलं. पोरीची डिग्री गेली तर मिळवता येईल, हे कसं परत मिळवायचं? मला त्या माणसाचा असा राग आला की रडू फुटलं.

दोन दिवसांनी दिगंबर परांजप्यांचा फोन आला. शुक्रवारी त्यांच्याकडे जेवण होतं, मृणाल असेल तर दोन गाणी म्हणेल का? फोन प्रतापनं घेतला होता. मी कांदा चिरत ऐकत होते.

"शुक्रवारी जमणार नाही, दिगंबर. मृणालची परीक्षा आहे, आम्ही चाललोय... नाही, मेडिकलची नाही. गाण्याची. ती गाणं शिकते. चार वर्षं गाणंच शिकतेय, मी तुम्हाला खोटं सांगत होतो... पुढे काय? पुढे गाईल!"

फोन त्यानं जरा जोरातच ठेवला. मी कांदा चिरत राहिले. कांद्याचं एक बरं असतं, कुणी काही विचारत नाही.

शुक्रवारी आम्ही त्या खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभे होतो. आत जायला आम्हाला मनाई होती. दाराला काचेची अरुंद पट्टी होती, तिला मी डोळा लावला. तीन परीक्षक, रिकाम्या खुर्च्या, मिसेस लिंडक्विस्ट आणि भिंतीकडे पाहून गाणारी माझी मुलगी. आवाज दारातून येत होता, स्वच्छ, एकही सूर न चुकता. पण ती कुणासाठी गात नव्हती. मिटल्या पाकिटासारखं गाणं. अशाच गाण्याला गुण देतात म्हणे. ते वाट पाहण्याचं गाणं त्यांनी अगदी शेवटी ठेवायला लावलं होतं, न जाणो पुन्हा काही घोटाळा झाला तर. ते संपलं. प्रताप नोटीस बोर्डाकडे तोंड करून उभा होता, हलला नाही. त्यानं दात आवळलेले मला दिसत होते.

आत हॅलोवेलनं पेनाचं टोपण लावलं. त्याचा आवाज ऐकू आला. "थँक यू, मिस जोगळेकर. परीक्षा संपली. तुम्ही पास आहात."

प्रताप वळला. "काय म्हणाला तो? संपली परीक्षा?"

"संपली."

"नक्की?"

"नक्की. पास झाली."

त्यानं कोटाचं बटण लावलं, दारासमोर ताठ उभा राहिला आणि त्या चकचकीत कॉरिडॉरमध्ये, सांगलीच्या शेवटच्या रांगेतून ओरडावं तसा ओरडला, "वन्स मोअर!"

काचेतून मला दिसलं, हॅलोवेल खुर्चीतून अर्धवट उठला होता आणि त्याची मान लाल झाली होती. मिसेस लिंडक्विस्टनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पान मागे उलटलं. मृणालिनी भिंतीकडची मान वळवून दाराकडे तोंड करून उभी राहिली, आणि गायला लागली.